गिताबाईंनी मोजलेली वस्ती

बोरमळ्याला मी सहा वर्षं ग्रामसेवक होतो. निमोण्याच्या पुढं, घोड नदीच्या अंगाला हे गाव. १९९६ साली मी तिथं हजर झालो, तेव्हा नळपाणी योजना नुकतीच सुरू झाली होती. नदीकाठच्या विहिरीवरून पाणी उचलायचं, शाळेमागच्या टेकाडावरच्या टाकीत सोडायचं आणि तिथून आपल्या उतारानं ते गावठाणात घरोघरी जायचं. कुणाला नवीन नळजोड हवा असेल तर काय करायचं, याचे नियम मी स्वतःच्या अक्षरात लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावले होते. अक्षर माझं बरं आहे. त्या फळ्याचा मला थोडा अभिमानच होता.

१९९८च्या जानेवारीत एका सकाळी गिताबाई ऑफिसात आल्या. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं काटक, पायात टायरच्या वहाणा. धनगरवस्तीवरच्या. लग्नानंतरची बारा वर्षं त्यांनी मेंढरांमागं चालण्यात काढली होती. दिवाळी झाली की कोकणाच्या बाजूला उतरायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचं. पुढं सासऱ्यांनी, म्हणजे गेणबा आबांनी, माळावर जमीन घेतली, भाऊबंदही शेजारी येऊन राहिले आणि ओढ्यापलीकडं तेवीस घरांची वस्ती झाली. गिताबाईंचे मालक संपत गळीत हंगामात पाटसच्या कारखान्यावर असायचे. वस्तीच्या बाया पाण्याला ओढ्यातल्या झिऱ्यावर जायच्या आणि फाल्गुन सरला की गावातल्या आडावर.

"भाऊसाहेब, त्या फळ्यावर काय लिवलंय ते वाचून दावा," त्या म्हणाल्या. "दमानं वाचा. मला समजून घ्यायचंय."

मी वाचलं. घराची नोंद नमुना आठला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या आकारणी रजिस्टरला असली पाहिजे. घरपट्टीची बाकी नको. अनामत पाचशे रुपये, जोडणी फी दोनशे. मोठ्या लाइनीपासून आपल्या दारापर्यंतचा पाइप आणि खोदाई ज्याची त्यानं करायची. जोड अर्ध्या इंचाचाच मिळेल आणि त्याला मोटर लावायची नाही. शेवटचं कलम, टाकीच्या पातळीपेक्षा उंचावर असलेल्या घराला जोड मिळणार नाही.

प्रत्येक कलमाला त्या मान हलवत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "आमची घरं हायेत का त्या रजिस्टरात?"

"नाहीत. वस्तीतलं एकही नाही."

"का न्हाईत?"

"कुणी अर्जच केला नाही कधी."

"आन् केला तर?"

"तर घरं मोजावी लागतील. ग्रामसभेत ठेवावं लागेल. मग घरपट्टी बसेल."

"मंग बसवा की," गिताबाई म्हणाल्या.

माझ्या नोकरीत घरपट्टी कमी करा म्हणून लोकांनी टेबलावर हात आपटलेले मी पाहिले होते. आमच्यावर बसवा म्हणून आलेलं माणूस पहिल्यांदाच बघत होतो. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

वस्तीला हे पटवणं मात्र सोपं नव्हतं. बिरोबाच्या देवळापुढं सगळे जमले तेव्हा गिताबाईंनी मलाही बोलावून घेतलं होतं. कुणाला वाटत होतं, एकदा घर सरकारच्या वहीत गेलं की पुढं कायकाय मागतील कोण जाणे. गेणबा आबा सत्तरीचे, डोक्याला भलं मोठं लाल मुंडासं. ते म्हणाले, "आमच्या बापजाद्यानं कवा पट्टी भरली न्हाई. पाणी देवाचं. त्याला पैकं कशाचं?"

सासऱ्यांसमोर बोलायचं म्हणून गिताबाईंनी पदर सावरला, पण आवाज खाली घेतला नाही.

"मामा, झिऱ्याचं पाणी देवाचं. नळाचं पाणी मोटर उचलती, तिला लाईट लागती, ते माणसाचं काम हाय. आन् आता आपुण बिऱ्हाड घोड्यावर लादून चाललोय का कुठं? घर बांधलं, पोरं हितल्या साळंत घातली. गावात ऱ्हायचं तर गावाच्या वहीत नाव नको का?"

आबांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "माझ्या घरापासनं मोजा."

पुढचे दहा दिवस मी टेप घेऊन वस्तीवर जात होतो. कूड किती, वीट किती, पत्रा की कौल. गिताबाई प्रत्येक घरी सोबत असायच्या. सोजराबाई नावाच्या एका एकट्या म्हातारीनं दाराला आतून कडी लावून घेतली. गिताबाई तिच्या उंबऱ्याबाहेर बसून तासभर बोलत राहिल्या, तेव्हा कुठं दार उघडलं. मार्चच्या ग्रामसभेत तेवीस घरांच्या नोंदी मंजूर झाल्या, महिन्याभरात सगळ्यांनी घरपट्टी भरली आणि नळजोडाचे तेवीस अर्ज माझ्या टेबलावर आले.

आणि तिथंच गाडं अडलं. अर्ज आले की जागा बघायला योजनेचे साहेब यायचे. ते जीपनं आले. जीप जाईल असा रस्ता बिरोबाच्या देवळापर्यंतच होता. साहेब देवळापाशी उतरले, डोळ्यावर हात धरून ओढ्यापलीकडच्या टाकीकडं पाहिलं आणि म्हणाले, "ही वस्ती वर आहे. पाणी चढणार नाही." पाच मिनिटांत जीप वळली. मी ऑफिसात परत आलो आणि त्या तेवीस अर्जांवर, माझ्या त्याच चांगल्या अक्षरात, 'उंचीमुळे जोड देणे शक्य नाही' असा शेरा मारला. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. पण तेव्हा साहेबांनी सांगितलं म्हणजे झालं, असंच मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी गिताबाई आल्या. शेरा ऐकून रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "सायेब कुठं हुबं ऱ्हायलं व्हतं?"

"देवळापाशी."

"देऊळ समद्यांच्या वर हाय. तिथनं घरं खाली उतरत गेल्यात, पार ओढ्यापोतर. सायेब खाली उतरलं व्हतं का?"

"नाही."

"भाऊसाहेब, मी त्या माळावर दहा वरीस मेंढरं चारल्यात. कुठलं टेकाड कुठल्याच्या वर हाय ते पायाला कळतं. टाकी वर हाय, आमी खाली हाय."

"तुम्ही म्हणता ते खरं असेल, गिताबाई. पण साहेबांच्या डोळ्याला वस्ती वर दिसली."

"त्यांच्या डोळ्याला वर दिसली, माझ्या डोळ्याला खाली दिसती. मंग डोळा कुणाचाच नको. मोजू."

त्यांचा धाकटा दीर म्हाळू शिरूरला गवंडीकाम करायचा. गवंड्यांकडं लेव्हल बघायची एक साधी पारदर्शक नळी असते. तिच्यात पाणी भरायचं आणि दोन्ही टोकं वर धरायची. नळी कितीही वाकडीतिकडी पडलेली असो, दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला थांबतं. भिंतीचे कोपरे त्यावरून सारखे करतात. त्याच नळीनं टाकीपासून वस्तीपर्यंत मोजत जायचं, असं गिताबाईंच्या मनात होतं. म्हाळू म्हणाला, "वैनी, घर मोजायची नळी हाय ही. तुमी शिवार मोजाया निघालाय."

"पन्नास फूट तर पुढं सरकल का न्हाई? मंग परत पन्नास फूट सरकायचं. आपल्याला कुठं गाडी गाठायचीय?"

मला त्यांनी रविवारी बोलावलं. "आकडा तुमीच लिवायचा. न्हाईतर उद्या म्हंतील, गिताबाईनं आपल्या मनानं घातला."

एप्रिल होता. सकाळी सातला टाकीच्या तळापासून सुरुवात केली. दोन सरळ काठ्या, त्यांवर फूट आणि इंचाच्या खुणा. एका काठीला नळीचं एक टोक धरून म्हाळू, दुसऱ्या काठीला दुसरं टोक धरून गिताबाई. पाणी स्थिर झालं की दोघं आपापल्या काठीवरचा आकडा सांगायचे आणि दोन आकड्यांतला फरक मी वहीत लिहायचो. जमीन उतरली असेल तर डाव्या बाजूला, चढली असेल तर उजव्या. मग म्हाळू पुढं जायचा, गिताबाई जागेवर राहायच्या, आणि पुन्हा तेच.

ऐकायला सोपं वाटतं. नळीत हवेचा एक बुडबुडा अडकला तरी आकडा खोटा येतो. उन्हानं नळी मऊ पडायची. बाभळीच्या काट्यानं ती दोनदा फुटली, ते तुकडे कापून, जोडून, पाणी पुन्हा भरावं लागलं. नळीतलं पाणी हलत असताना म्हाळूनं घाईनं आकडा सांगितला की गिताबाई म्हणायच्या, "थांबा भावजी. पाण्याला बसू द्या." पहिल्या रविवारी आम्ही ओढ्यापर्यंतही पोचलो नाही.

दुसऱ्या रविवारी आनंदरावांच्या कांद्याच्या वावरातून जायचं होतं. आनंदराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार आणि पाणीपुरवठा समितीचे अध्यक्ष. लोक त्यांना आप्पा म्हणत. ते बांधावर येऊन उभे राहिले.

"काय चाललंय, भाऊसाहेब?"

मी सांगायच्या आत गिताबाईच म्हणाल्या, "आप्पा, टाकी वर का वस्ती वर ते मोजतोय. तुमच्या एका पातीला धक्का लावायची न्हाई."

आप्पा अर्धा तास नुसते बघत होते. वाफ्याच्या कडेकडेनं, नळी उचलून धरत ही बाई चालली होती आणि तिचा पाय खरंच एकाही पातीवर पडला नाही. मधे म्हाळूच्या पायात काटा मोडला. तो काढीपर्यंत आप्पांनी पुढं होऊन काठी धरली, आकडाही नीट सांगितला. जाताना एवढंच म्हणाले, "समजा खाली निघाली, तरी पाणी पुरायला पायजे. ते मी ग्रामसभेत इचारणार हाय."

"इचारा की," गिताबाई म्हणाल्या.

तिसऱ्या रविवारी दुपारी आम्ही वस्तीत पोचलो आणि प्रत्येक घराच्या उंबऱ्याचा आकडा घेतला. मग कडुलिंबाखाली बसून मी बेरजा केल्या. सगळी वस्ती भोवती उभी. ओढ्याजवळची घरं टाकीच्या तळापेक्षा चाळीस फूट खाली निघाली, मधली तीसेक. सोजराबाईंचं बावीस फूट. वीस घरांना पाणी बिनधास्त जात होतं.

देवळाजवळची तीन घरं मात्र राहिली. ती टाकीपेक्षा दीड-दोन फूट वर होती. त्यांतलं एक गेणबा आबांचं, म्हणजे गिताबाईंचं स्वतःचं.

मी बेरीज पुन्हा केली. तेच उत्तर आलं. वर बघायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण सांगणं भाग होतं. सांगितलं. म्हाळू म्हणाला, "वैनी, कुठंतरी चुकलं आसंल. वरचं परत मोजू."

गिताबाईंनी घराकडं एकदा पाहिलं.

"परत मोजून जिमीन खाली जाती व्हय, भावजी?" त्या म्हणाल्या. "भाऊसाहेब, हाय तसं लिवा. तीन घरं वर, वीस घरं खाली."

मी तसं लिहिलं आणि वहीची नक्कल साहेबांकडं स्वतः घेऊन गेलो. साहेब आधी चिडले. गवंड्याच्या नळीनं कुठं सर्व्हे होतो का, म्हणाले. पण माणूस सरळ होता. पुढच्या आठवड्यात ते तिपाईवरची दुर्बीण घेऊन आले आणि या वेळी वस्तीतून पार ओढ्यापर्यंत पायी उतरले. दोन तासांनी त्यांनी स्वतःचा कागद माझ्या वहीशेजारी धरला. मग गिताबाईंकडं वळून म्हणाले, "बाई, तुमच्या-माझ्या मोजणीत चार इंचांचा फरक आहे. दोन हजार फुटांहून जास्त अंतरात चार इंच. मी देवळापाशी उभा राहून बोललो ते चुकलं."

"तुमी परत आला हे लई झालं," गिताबाई म्हणाल्या आणि त्यांना चहा दिला. तो चहा गावातल्या आडावरून आणलेल्या पाण्याचा होता.

मे महिन्यात ग्रामसभा झाली. आनंदराव आप्पांनी सांगितल्याप्रमाणं प्रश्न विचारला, आणि तो काही अडवायचा म्हणून विचारलेला नव्हता. विहिरीत पाणी मर्यादित होतं. उन्हाळ्यात गावठाणातल्या शेवटच्या आळीला आत्ताच बारीक धार यायची. आणखी वीस तोट्या लावल्या तर ती आळी कोरडी पडणार. "गिताबाई, तुझं मोजमाप मी डोळ्यानं बघितलंय, त्यात खोट न्हाई," आप्पा म्हणाले. "पर त्या शेवटच्या आळीचं पाणी तोडून तुमाला कसं देऊ?"

सगळ्यांचं लक्ष गिताबाईंकडं गेलं.

"तोडू नगा," त्या म्हणाल्या. "गावाला सकाळी पाणी सुटतं, ते हाय तसं ऱ्हाऊ द्या. टाकी दुपारी परत भरती. आमाला दुपारी सोडा, आन् ते बी एक दिसाआड. वस्तीच्या लाइनीला येगळा व्हॉल्व्ह बसवा आन् चावी गावाकडंच ठेवा. उन्हाळ्यात शेवटची आळी कोरडी ऱ्हायली, तर त्या दिशी आमचा व्हॉल्व्ह उघडू नगा. आमाला झिऱ्यावर जायची सवय हाय."

आप्पांनी माझ्या वहीकडं बोट केलं. "हे ठरावात लिवायचं?"

"लिवा. मी अंगठा देत न्हाई, सही करते."

साक्षरता वर्गात शिकलेली ती सही आडवीतिडवी, पण पूर्ण नावाची होती. त्याच सभेत आणखी एक ठराव झाला. सोजराबाईंसारख्यांना पाचशे रुपये एकदम भरणं अवघड होतं, म्हणून अनामत तीन हप्त्यांत घ्यायची. तो मांडला गिताबाईंनी, आणि अनुमोदन दिलं आप्पांनी.

मग कुणीतरी म्हणालं, एवढं सगळं ज्या बाईनं केलं तिच्याच घरी पाणी नाही, हे काही बरं दिसत नाही. वरच्या तीन घरांना छोटी मोटर लावायची परवानगी देऊन टाका. सभेनं माना हलवल्या. मी पेनही उचललं होतं.

"नगं," गिताबाई म्हणाल्या. "मोटर लावायची न्हाई आसं फळ्यावर लिवलंय. आज माझ्या दारात लागली तर उद्या समद्या गावाला पायजेल. मोटर पाणी वढती, आन् खालच्याचं तोंड कोरडं पडतं. आमाला खाली म्हाळू भावजीच्या घराच्या भिंतीला एक सामाईक तोटी द्या. तिची पट्टी आमी तिघं मिळून भरू."

त्या दिवशी गेणबा आबा मागं भिंतीला टेकून बसले होते. सभा सुटल्यावर ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझा हात दाबला.

खोदाई वस्तीनंच केली. संपत कारखान्यावरून हंगाम संपवून आले होते. ते अबोल, पण टिकाव हातात घेतला की दोघांचं काम एकटे उरकायचे. तीन फूट खोल चर, निम्मा मुरमातून. ओढ्यात लोखंडी पाइप टाकून त्यावर काँक्रीट केलं. आप्पांनी कांदा निघाल्यावर वावरातून लाइन न्यायला परवानगी दिली आणि वाट दिल्याचे पैसेही मागितले नाहीत. दिवाळीनंतर एका दुपारी व्हॉल्व्ह उघडला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. सोजराबाईंनी तोटीखाली हात धरला आणि किती वेळ तसाच ठेवला. गिताबाई एका घरातून दुसऱ्या घरात फिरत होत्या आणि कुठं जोड गळतोय का ते बघत होत्या. शेवटी म्हाळूच्या भिंतीशी आल्या, आपला हंडा भरला आणि चढ चढून घरी गेल्या.

तो चढ त्या पुढं सात वर्षं चढल्या. आडापेक्षा जवळ होतं, हे खरं. पण एकाही दिवशी त्यांच्या तोंडून तक्रार आली नाही, हे मी नंतर वस्तीतल्या प्रत्येकाकडून ऐकलं. दोन उन्हाळ्यांत शेवटची आळी कोरडी पडली, तेव्हा ठरावाप्रमाणं वस्तीचा व्हॉल्व्ह बंद राहिला. कुणी बोट दाखवायच्या आत गिताबाईच निरोप पाठवायच्या, "आज आमचं उघडू नगा." दुसऱ्या उन्हाळ्यात आनंदराव आप्पांनी आपल्या विहिरीचं पाणी बैलगाडीवरच्या टाकीतून वस्तीवर पाठवलं. २००० सालच्या निवडणुकीनंतर पाणी समितीत गिताबाईंना घ्यावं, असं सुचवणारेही आप्पाच. तेव्हापासून मात्र ते त्यांना अहो-जाहो करू लागले.

२००२ साली माझी बदली दौंड तालुक्यात झाली. तिथं एका गावात अगदी तसाच अर्ज आला, वस्ती उंच आहे म्हणून आधीच नामंजूर झालेला. मी गिताबाईंना निरोप धाडला. त्या पाटसच्या एसटीनं संपतरावांना घेऊन आल्या, दोन दिवस राहिल्या आणि तिथल्या बायांना नळी कशी धरायची ते शिकवून गेल्या. ती वस्ती खरोखरच उंच निघाली. बायांची तोंडं उतरली. गिताबाई म्हणाल्या, "आता कळलं न्हवं खरं काय ते? आता टाकी उंच मागा. खोट्या शेऱ्यावर रडण्यापरीस खऱ्या आकड्यावर भांडलेलं बरं." त्या बाया भांडल्या आणि तीन वर्षांनी त्यांना उंच टाकी मिळालीही.

बोरमळ्यात २००५ साली उंच खांबांवर उभी असलेली नवी टाकी झाली आणि वरच्या तीन घरांना जोड मिळणं शक्य झालं. तोवर समितीनं नव्या नळजोडाची अनामत वाढवून हजार रुपये केली होती, आणि त्या ठरावावर समितीची सदस्य म्हणून गिताबाईंचीही सही होती. नवा ग्रामसेवक त्यांना म्हणाला, मावशी, तुमचा अर्ज अठ्ठ्याण्णवचा आहे, तेव्हाच्याच दरानं भरा. त्यांनी जुना अर्ज मागं घेतला, नवा भरला, घरपट्टीची पावती जोडली आणि हजार रुपये मोजून दिले. हे मला त्या ग्रामसेवकानंच फोनवर सांगितलं.

ज्या दिवशी जोड द्यायचा होता त्या दिवशी मी मुद्दाम बोरमळ्याला गेलो. गेणबा आबा आता राहिले नव्हते. संपतराव ओट्यावर बसले होते, म्हाळू फिटरला मदत करत होता. तोटी उघडली, पाणी जोरात आलं, शेजारणींनी कौतुकानं हात जोडले. मला वाटलं आता गिताबाई काहीतरी बोलतील. त्यांनी तोटी बंद केली, खाली वाकून नीट बघितलं आणि फिटरला म्हणाल्या, "ठिबकतंय. ह्येचा वायसर बदल, मगच जा."